सातवा नमुना

डब्यात ओली वाळू, वर व्हिनेगरचे दोन थेंब.
झाकण लावून दोन रात्री ठेवलं
की ताठरलेले पाय पुन्हा पायांसारखे वळतात.
"घाई केलीस तर मोडतील," द्राहोमीरा म्हणते.

ओलोमौत्स. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.
मारायची बाटली वर्षभर रिकामी,
तरी बुचाला अजून पिकल्या नासपतीचा वास.

टाचणी कायम उजव्या कवचातून,
सरळ, आरपार.
"एक बाजू बिघडवायची,
म्हणजे दुसरीची साक्ष काढता येते."
वाक्य व्हेंडेलीनचं. ती ते त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणते.

मी पाय मांडते. पुढचे दोन पुढे, बाकीचे मागे.
मिशा सगळ्यात शेवटी, श्वास रोखून.
या भुंगेऱ्याच्या मिशा अंगाहून लांब,
पाठीवर वळवल्या तर कंसासारख्या,
ज्यात काही लिहायचं राहून गेलंय.

त्याच्या शेवटच्या डब्यात असे सात होते,
एकालाही चिठ्ठी नाही.
गाव नाही, तारीख नाही,
म्हणजे नमुना नाही, नुसता मेलेला किडा.

सहा वर्तमानपत्राच्या कपट्यांत.
हा, सातवा, आगगाडीच्या तिकिटात.
मी तिकीट उलगडून दिव्याखाली धरलं :
येसेनिक, चौदा जून, सकाळी सहा दहा.

ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
"चौदा जूनला तो इस्पितळात होता.
तपासण्या होत्या.
संध्याकाळी आला, म्हणाला, सगळं ठीक आहे.
मी खसखशीच्या शेवया केल्या होत्या,
दोनदा वाढून घेतल्या.
बुटांना चिखल होता.
मीच पुसले."

खालून ट्राम गेली.
खोक्यांच्या काचा थरथरल्या, थांबल्या.

मग तिने सगळ्यात बारीक निब घेतलं
आणि मोहरीएवढ्या अक्षरांत लिहिलं :
येसेनिक. स्प्रूसचा पडका ओंडका. १४ जून.

"ओंडका कशावरून?" मी विचारलं.
"तो आणखी कुठे बसणार?"
तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

शेवटच्या ओळीत पकडणाऱ्याचं नाव असतं.
अख्खं मावत नव्हतं.
तिने आडनाव गाळलं.

चिठ्ठीलाही टाचणी लागते.
ती तिने मला टोचू दिली नाही.
स्वतः टोचली,
नेमकी मधोमध.