दोनशे बारा

तौनोची होडी डावीकडे कलते,
कारण त्याचा एक गुडघा वाकत नाही
आणि तो कायम त्याच बाजूला बसतो.
मी उजवीकडे, मांडीत बादली धरून.
जुलै. कोल्कायोकीचं पाणी एकोणीस अंश,
कोऱ्या चहासारखं तपकिरी.
तळ दिसत नाही इथं,
हातांना कळतो.

शिंपले चिखलात अर्धे रुतलेले, तोंड जरासं उघडं,
काहीतरी बोलायला घेतलं आणि विसरले, असे.
बोट लागताच मिटतात.
रागानं नाही. त्यांना तेवढंच येतं.

प्रत्येकाच्या पाठीवर मी दोन वर्षांपूर्वी
चिकटवलेला प्लास्टिकचा आकडा.
त्याशेजारी हिवाळ्यांच्या काळ्या रेघा.
दोनशे बाराच्या अकरा भरतात.
म्हणजे मला ही नोकरी लागली त्या उन्हाळ्यात
हा कुठल्यातरी सार्कीच्या कल्ल्याला
चिमटा लावून बसलेला होता.

हो, शिंपल्याचं बाळपण असंच जातं.
वाळूच्या कणाएवढा जीव, दोन पाखांचा,
माशाच्या कातडीत शिरतो,
आयतं खातो, आयता फिरतो
आणि एक दिवस निरोप न घेता
तळाशी उतरतो.
तौनोला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
"मग आता फेडतोय म्हणायचं."
मला तसं म्हणायचं नव्हतं.

कवच नखभर फाकवते. सुई आत.
दट्ट्या सावकाश मागे.
काचेवर एक दुधी थेंब,
आणि भिंगाखाली
अंडी नाहीत, बीज नाही,
पांढरे दोरे. जागोजाग गाठी, गाठींना फाटे,
लोकरीचा गुंता सोडवायला घेऊन
कुणी कंटाळून तसाच आत कोंबावा तसे.
दोऱ्यांत वळवळ.
दोन शेपट्यांची पोरं, बाहेर पडायला उतावीळ.
जिथं याची व्हायची, तिथं
दुसऱ्याचं बाळंतघर.

ऊन तापलं की ती पाण्यात उतरतील,
सार्की शोधतील,
सार्कीला हौकी गिळेल, लांब जबड्याचा,
आणि हौकीच्या आतड्यात
किडा एकदाचा वयात येईल.
हे सगळं मी तोंडपाठ सांगू शकते.
दोनशे बाराचं वजन दोन ग्रॅमनं वाढलंय,
ते मात्र कसं सांगावं?

गेल्या मार्चमध्ये बर्फाखाली हवा संपत आली,
तेव्हा तेवीस मेले.
एकोणीस दोरेवाले.
हा राहिला.

लांबी, वजन, रेघा, लागण.
लागणीखाली मी एक लिहिते.
तौनो वल्ही आडवी ठेवून विचारतो,
"कळत असेल का रे त्याला?"
कधी मला 'रे' म्हणतो, कधी शिंपल्याला.
वहीत उरलेली जागा बघते.
तेवढा रकाना आखलेला नाही.

परत सोडला.
थोडा वेळ आडवा पडून राहिला असेल,
मग पिवळट पाय बाहेर काढून
चिखलात खुपसला असेल.
आता पुन्हा नदी गाळत असेल,
दिवसाला दोन बादल्या, आतल्या भाडेकरूंसकट,
कागद कारखान्याच्या खालचं पाणी
स्वच्छ करून पुढे पाठवत.

संध्याकाळी तौनोनं धक्क्यावर
हौकी चिरला. साडेतीन किलो.
बडीशेप, लोणी, नवे बटाटे,
"तू थांबतेस ना जेवायला?"
थांबते, म्हटलं.
त्यानं बोटांनी आतडी ओढून काढली
आणि पन्नास वर्षं टाकतो तशी
मागे न बघता पाण्यात टाकली.
एक सीगल उशिरा झेपावला.
आतडी तोवर बुडाली होती.

मी सांगू शकले असते.
सुरी धुऊन त्यानं माझ्याकडे दिली,
मी बटाटे सोलायला बसले.