खांब क्रमांक एकोणीस

सोळा वर्षं मी त्यांची गाडी चालवली.
पिट्सबर्गच्या महापौरांचा चेहरा तुम्ही फोटोत पाहिलात,
माझ्या ओळखीचा तो आरशातला:
दोन मिटलेले डोळे, पुटपुटणारे ओठ.
लोक म्हणत, एमिल ह्रुबोवचाक सभेआधी प्रार्थना करतो.
कसली प्रार्थना! नावं घोकायचे.
मागच्या खेपेला कुणाचा गुडघा धरला होता,
कुणाची मुलगी नर्स झाली,
कुणाच्या दारात गटार तुंबलेलं.
उतरले की हात पुढे, "काय ओल्गाबाई, गुडघा काय म्हणतोय?"
आणि ओल्गाबाईचं अख्खं घर मतपेटीत.

बाप पोलादाच्या भट्टीवर गेला.
कंपनीने आईला एक घड्याळ दिलं आणि एक हॅम.
हे ते प्रत्येक निवडणुकीत सांगत.
हॅमचं वजन
दर निवडणुकीला थोडं कमी होत जाई.

टॅनर्स हॉलो. तिथले ते, तिथलाच मी.
वरच्या आळीत त्यांची माणसं, कार्पेथियन डोंगरांतून आलेली,
कांद्यासारख्या घुमटाचं चर्च;
खालच्या आळीत आम्ही, अलाबामाचे काळे,
आणि कोपऱ्यावर माझ्या मामाचं सलून.
मध्ये एकच जिना, एकशेबारा पायऱ्यांचा.
दोन्हीकडची पोरं त्यावरच गुडघे फोडून घ्यायची.

मग हमरस्ता आला.
आला म्हणजे नकाशावर, निळ्या पेन्सिलीची रेघ,
इतकी सरळ, की पट्टी धरणाऱ्याचं घर
नक्की दुसरीकडे असणार.
त्या रात्री नगरभवनाबाहेर इंजिन चालू ठेवून बसलो होतो.
साडेअकराला खाली आले. बोटाला शाई.
"ल्यूशस, जरा फिरवून आण."
"कुठे?"
"कुठेही. हॉलो सोडून."

त्यांची आई, पारास्का, नवव्या मजल्यावर गेली.
लिफ्टला भ्यायची.
आंबवलेल्या कोबीचं पिंप कुठे ठेवायचं
हे सबंध महापालिकेत कुणालाच सांगता येईना.
मुलाला तिने कधी बोल लावला नाही.
फक्त रविवारी तो दारात उभा राहिला की विचारायची,
"कोण पाहिजे?"
नजर शाबूत होती तिची.
"आई, मी एमिल."
"एमिल हॉलोत राहतो."
आणि मग दार उघडून सूप वाढायची.

मामाला भरपाई मिळाली, साडेचारशे डॉलर.
मी काय केलं विचाराल, तर मी गाडी चालवली.
पगार पंधरवड्याला येत होता.
उद्घाटनाला बँड वाजला, फीत कापली,
नव्याकोऱ्या रस्त्यावरून पहिली गाडी माझीच.
खाली काय होतं ते गाडीतल्या दोघांना ठाऊक,
आणि दोघंही समोर बघत होतो.
ताशी पन्नास मैल.

चौथ्या खेपेला पडले.
हॉलोमुळे नव्हे, गैरसमज नको.
बसचं भाडं पाच सेंटने वाढलं, म्हणून पडले.

पुढे किती वर्षांनी, एका मार्चमध्ये फोन.
"ल्यूशस, मोकळा आहेस?"
बसनेच गेलो, आपापलं तिकीट काढून.
पुलाखाली कबुतरांची घाण, वर चाकांची घरघर.
ते खांब मोजत निघाले,
एकोणिसाव्यापाशी थांबले, काँक्रीटवर तळवा टेकला.
"इथे आमची चूल."
आणि जित्याची खोड, डोळे मिटून
नावं घ्यायला लागले:
मेटोडी खाटीक, आन्ना सोबचाक, तिचे जुळे,
जिना उतरून खालच्या आळीत,
पोस्टमन ड्यूई, पिकन्स बहिणी, दारामागून दार,
कोपऱ्यावर आले
आणि अडले.
"तुझा मामा... अरे, माझे पहिले केस त्यानेच..."
ओठ हलत राहिले. नाव येईना.

मला येत होतं.
मी सांगितलं नाही.
वरून एक ट्रक गेला, खांब जरासा थरथरला.
परतीची बस चार-दहाची होती.