फाट्यावरचा फळा

पहिल्यांदा लिहिलं ते एवढंच :
"आर्वीची पावणेनऊची गाडी आज नाही."
बारा जणांनी वाचलं.
बारा जण माझ्या पंक्चरच्या दुकानापुढच्या बाकावर
पिशव्या मांडीत घेऊन बसले,
आणि मला वाटलं, आपण लिहिलं अन् माणसं थांबली.
इथूनच बिघडलो मी.

दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली,
तरी खडू हातात होताच.

फळा म्हणजे मोडक्या न्हाणीचं दार,
कोळसा आणि वालाच्या पाल्याचा रस चोळून काळं केलेलं.
कडीचं भोक राहिलंय मधोमध.
तिसऱ्या ओळीत एक अक्षर
दरवेळी उडी मारून पलीकडे टाकावं लागतं.

काय लिहिलं अकरा वर्षांत?
"धुऱ्यावरच्या करंजाला फुल आलं."
"लोकांच्या टायरमधून काढलेले खिळे : एक डबा, वर मूठभर."
"बापाचा आवाज आता आठवत नाही. खोकला आठवतो."
हे शेवटचं लिहिलं त्या दिवशी
चार माणसं वाचून गप्प उभी राहिली.
पाचव्यानं विचारलं, "हवा भरून देता काय गा?"

उकंडराव काठाणे, माजी तलाठी,
रोज स्कूटर थांबवतात, बोट थुंकीनं ओलं करतात.
"फूल. फू दीर्घ. कितीदा सांगू तुले?"
दुरुस्त करून जातात.
फुलाबद्दल आजवर एक शब्द नाही.
करंज त्यांच्याच धुऱ्यावर आहे.

रात्री कोणी तरी विटकरीनं लिहून ठेवतो :
"कामधंदा कर बे."
अक्षर ओळखीचं आहे. चहाचे पैसे त्याच्याकडे बाकी आहेत.
मूळव्याधवाला वैद्य खळ लावून कागद चिकटवतो,
नेमका माझ्या ओळीवर, मग सकाळी वाचायला मिळतं :
"बापाचा आवाज शंभर टक्के खात्रीनं बरा."

पुलगावच्या साडूनं मोबाइल पुढे केला एकदा,
"पाय, काय लिवलं हाये कोणीतरी!"
खाली गुलाबाचं फूल, वर सुविचार मंडळ, यवतमाळ.
खिळे माझे, डबा माझा.
मी म्हटलं, "हो, चांगलं आहे,"
आणि पोहे संपवले.

मन लावून वाचते ती हनीफची बकरी.
चुन्यासाठी शेवटची ओळ चाटून घेते,
पूर्णविरामासकट.

मागच्या वैशाखात सुचेना काही.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
ट्यूब सावलीतच फुटत होत्या.
म्हटलं, राहू दे कोरा,
बघू कोणाला चुकल्यासारखं होतं.
एक दिवस. तीन दिवस. नऊ.
उकंडराव स्कूटर न थांबवता गेले.
बाकावरच्या बाया कांद्याच्या भावाचं बोलत होत्या.

दहाव्या दिवशी पहाटेची गाडी फाटा सोडून
पार पुलापर्यंत गेली.
मागे येऊन कंडक्टर मेंढुले माझ्यावरच ओरडले,
"काहून कोरा ठेवला? अंधारात ते पांढरं दिसलं
का मी घंटी मारतो.
मले काय मालूम फाटा आला म्हणून?"

"वाचता का पण कधी?"
"चालत्या गाडीतून?"

असं आहे.
मग ट्यूबच्या चिंधीनं, पाण्यानं फळा पुसला.
ओला असतो तेव्हा अगदी नवा दिसतो तो.
वाळायला लागला की कालचं, परवाचं,
कुठल्या कुठल्या सालचं पुसट वर येतं,
त्याच्यावरच लिहावं लागतं.

खडू संपले होते.
मेंढुल्यांनाच सांगितलं आर्वीहून आणायला.
पांढरे मिळाले नाहीत म्हणाले,
गुलाबी आणले.
दिसतील का अंधारात, बघू.