मुद्रितशोधन

फोटोच्या यंत्रात नाणी टाकली.
आतून एक बाई इंग्रजीत म्हणाली, हसू नका.
नाही हसले.
हलमधल्या त्या सुपरमार्केटात, पडद्यापलीकडे
कोबी, सवलतीतले पाव, कुणाचं तरी रडणारं पोर,
आणि मी स्टूल फिरवून फिरवून
उंची जुळवत होते एका चौकटीशी.

फोटोच्या पाठीवर ग्लेनिसबाईंची सही.
चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं
त्यांनी माझे डोळे तपासलेत, इतक्या जवळून
की त्यांच्या पेपरमिंटचा वास मला पाठ आहे.
'मिस लिहू की मिझ?' त्यांनी विचारलं,
पेन झटकलं, जिभेचं टोक दातांत धरून लिहिलं
की हा चेहरा हिचाच, हुबेहूब.
मग म्हणाल्या, नंबर वाढलाय, टाळाटाळ करू नकोस.

डॉक्टरांचं पत्र दोन ओळींचं:
हा बदल कायमचा राहील असं दिसतं.
कायमचा.
इथून तासाभरावर किनाऱ्याची कडा
दर वर्षी थोडी थोडी समुद्रात जाते,
रस्ता मधेच तुटतो, पुढे नुसती हवा.
गावंच्या गावं नकाशातून गेलीत त्या बाजूची.
पण पत्र चांगलं होतं. शिक्का स्पष्ट.

इंग्रजीत एका अक्षराचं काम.
एम काढा, एफ घाला.
मराठीत मात्र
आले, गेले, बसले, दमले,
एकेक क्रियापद हाताला धरून आणावं लागतं.
अण्णांशी फोनवर पाच वर्षं मी लपत होते.
'जेवलास?' जेवण झालं.
'झोपलास की नाही?' लागली होती झोप.
कर्त्याला दाराआड उभं करून
बाकीचं वाक्य पुढे पाठवायचं.
आणि अगदीच अडलं तर भविष्यकाळ.
मी येईन. मी करीन. मी कळवीन.
तिथे तो की ती, कुणी विचारत नाही.
पाच वर्षं नुसती येईन, येईन म्हणत राहिले
आणि गेले नाही.

अण्णा सावंतवाडीच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे.
उलट्या खिळ्यांतली चुकलेली वेलांटी
त्यांना लांबून दिसायची.
शेवटी मी सगळं लिहून कळवलं, तर
तीन आठवडे काही नाही.
मग: 'पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत.'
एवढंच. कुठल्या चार, तेही नाही.
मी ते पत्र पुन्हा वाचलं, तीन सापडल्या.

नाव बदललं, मधलं तेच ठेवलं.
केतकी विश्राम साखळकर.
दोन साक्षीदारांपैकी एकाने विचारलं, हे मधलं कुणाचं?
वडलांचं, म्हटलं.
तेवढा विश्राम मधे हवा.

परवा पाकीट आलं.
निळा, कोरा, उघडताना कुरकुरणारा.
आधी जन्मगाव बघितलं, का कोण जाणे.
सावंतवाडी. स्पेलिंग बरोबर.
एफ नंतर दिसलं. केवढंसं असतं ते.

अण्णांना लिहिलं: पासपोर्ट मिळाला.
व्हिसाचं बघीन. डिसेंबरचं तिकीट काढतो.
जीभ कधीच सुधारली होती, बोटं जुनीच.
पाठवल्यावर दिसलं.
खोडणार, तेवढ्यात उत्तर आलं:
'काढते.'
आणि खाली, वेगळ्या ओळीत:
'येताना गुडघ्याचा तो पट्टा आण. मागचा सैल झालाय.'

जुना तांबडा पासपोर्ट दोन दिवसांनी
वेगळ्या पाकिटातून परत आला, कोपरा कापलेला.
आतला मुलगा गंभीर बघतोय.
त्यालाही कुणी सांगितलं असेल, हसू नकोस.
त्याला ड्रॉवरमध्ये ठेवलाय,
नव्या चष्म्याच्या डबीशेजारी.
डबी अजून उघडलेली नाही.