अवजल

डोंगरापलीकडचं पाणी बोगद्यातून येतं,
चक्रं फिरवतं,
आणि सरकारी कागदावर त्याचं नाव होतं अवजल.
काम झालेलं पाणी.
ते नदीत सोडतात. नदी खाडीला देते.

आता जुनी चक्रं काढून नवी बसणार,
पायथ्याशी तळं होणार,
दिवसा उतरलेलं पाणी रात्री उलटं डोंगरावर चढवणार.
त्याआधी कुणीतरी सांगायला हवं
खाडीचं काय होईल ते.
तो कुणीतरी पुण्यात बसतो. मी त्याची बाटली.
सात ठिकाणी बुडायचं,
भरतीला एकदा, ओहोटीला एकदा, पंधरा दिवस.

ठिकाण क्रमांक चार, कालवखडप.
होडी येसू कासेकरची, वल्हंही तिच्याच हातात,
रोजाचे सहाशे.
यंत्राची दांडी पाण्यात घालून
मी आकडा थांबायची वाट बघत होतो,
तोवर तिनं ओंजळ भरली,
जिभेवर घेतली, थुंकली.
"आज दोनच मशिनी चालू हायत."

मी हसलो. मग उगाच वीजघरात फोन लावला.
दोनच, पाळीवरचा माणूस म्हणाला,
तिसरीचं बेअरिंग तापलंय.
पण तुम्हाला कसं कळलं?
यंत्रानं, मी म्हटलं.

दुपारी गुपचूप मीही चाखलं.
मला पाणी लागलं, नुसतं पाणी.
"तुज्या जिबंवर च्या बसलाय," तिनं बघितलं होतं.

रकाना तिसरा: मूळ स्थिती.
म्हणजे कुठल्या सालची?
येसूची सासू सांगायची, वीजघराआधी
उन्हाळ्यात खार देवळाच्या पायरीला लागायचा
आणि खडपावर पाऊल टाकायला जागा नसायची,
इतकी कालवं.
मग अवजल आलं. वैशाखातही खाडी मचूळ,
आणि कालवं गेली.
सासू कितीतरी वर्षं भांगाच्या दिवशीसुद्धा
खडपावर जाऊन बसायची,
सुतकात बसावं तशी.
येसूनं ती कालवं पाहिलेलीच नाहीत.
तिची खाडी शेंगटीची, पालूची.
आणि सुनेला खाडीशी देणंघेणं नाही,
तिच्या दीडशे पोफळी
विहिरीच्या गोड्या पाण्यावर उभ्या आहेत.
विहिरीला खार लागेल का हो, ती मला विचारते,
जसं मीच ठरवणार आहे.

"लागंल," येसू वल्हं न थांबवता म्हणते.
आणि कालवं? परत येतील?
"खडाप काय कुटं गेला नाय."
यात आनंद होता की धमकी, मला लिहिता आलं नाही.

मी लिहिलं: मूळ स्थिती, चालू वर्ष, एप्रिल.
कालवं: निरंक.
जिभेचा प्रकार मॅडमनी खोडला.
किस्सा आहे, म्हणाल्या, परिशिष्टातसुद्धा नको.

जनसुनावणीला शाळेच्या पटांगणात मांडव,
लाल खुर्च्या, बाटलीबंद पाणी.
सून आली, पदर खोचून दोन मिनिटं बोलली,
तिचं बोलणं इतिवृत्तात एका ओळीत मावलं.
येसू आली नाही.
सुनावणी अकराची, आणि अकराला ओहोटी होती.

आता पुण्यात नळ सोडला
की पहिला घोट मी जरा वेळ जिभेवर धरतो.
किती चक्रं फिरतायत, कुठली थांबलीय,
काही कळत नाही.
दिवा मात्र लागलेला असतो.