खिळा

हुडकेश्वर रोडला, नाल्यापलीकडे,
दुसऱ्या माळ्यावर खोली. चार हजार, लाइट बिल वेगळं.
चावी देताना ढोबळेकाका म्हणाले,
"भितीले खिळा ठोकाचा नाही जी.
मांगच्या किरायादारानं चाळणी करून टाकली होती."

बुधवारी बाजारातून लोखंडी पलंग आणला.
एक पाय आखूड, त्याखाली
माझं बारावीचं अर्थशास्त्र.
कबाड्याकडचा कूलर, वाळा तेवढा नवा;
पंप थापट मारली की चालतो.
ठेल्यावर सामान, मागून प्रशिक ढकलत,
आणि मी कुकर कडेवर घेऊन
चढावर धापा टाकत.

कळमन्याच्या संत्र्यांच्या दोन पेट्या
उलट्या घातल्या, झाला ओटा.
आठ दिवस कणकेलाही सालीचा वास.

मग दाराआड सापडला तो.
चुन्याखाली दडलेला, काकांच्या नजरेतून सुटलेला,
मागच्या कुणाचा तरी
एकच खिळा.

सकाळी त्याच्यावर प्रशिकची डब्याची थैली,
दुपारी माझी ओढणी.
कॅलेंडर लावलं तर थैली जमिनीवर,
थैली लावली तर तारीख कळत नाही.
एकदा यावरून भांडलोही.
पगाराला नऊ दिवस होते, म्हणून असेल.

त्या रात्री त्यानं सगळं उतरवलं
आणि नुसती चावी टांगली.
"आता?"
"आता काही नाही. पाहू जरासं."

पलंगावर पडून दोघं पाहत राहिलो.
मध्येच कूलरचा पंप थांबला.
थापट मारायला
कुणीच उठलं नाही.