शिफारसपत्राचा चौथा खर्डा

पहिलाच प्रश्न: या उमेदवाराला तुम्ही किती वर्षं ओळखता?
सहा, असं लिहिलं.
सहा उन्हाळे लिहायला हवं होतं,
आमच्या पॅरिशमध्ये वर्ष डासांवरून मोजतात.

दुसरा: तुमच्या पाहण्यातल्या शंभर जणांत
ती कुठे बसेल? वरच्या पाचात, दहात, पंचविसात?
एका चौकटीत खूण करा.
शंभर माणसं मी आणू कुठून?
या ऑफिसात आम्ही चौघं, एक फवारणीची गाडी
आणि फ्रीजमध्ये जेवणाच्या डब्यांना खेटून
लेबलं लावलेल्या डासांच्या कुप्या.

ओडील व्हर्डिन. वय एकतीस.
सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी हवी आहे तिला.
गणितात मिळालेत एकशे सत्तरपैकी एकशे चव्वेचाळीस.
मी म्हटलं, अगं, बरे आहेत की!
तिने डिझेलची पावती उलटी केली,
दाखवलं: मोजणी एकशे तीसपासून सुरू होते.
म्हणजे चाळीसपैकी चौदा.
आकडा इतक्या स्वच्छपणे
स्वतःच्या विरुद्ध मांडताना
मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही.

परीक्षेत एक टाकी होती म्हणे.
एक नळ चार तासांत भरतो,
दुसरा सहा तासांत रिकामी करतो,
दोन्ही एकदम सोडले तर कधी भरेल?
ती तिथेच अडकली.
टाकीला झाकण आहे की नाही
हे कुठेच लिहिलं नव्हतं.
दोन महिन्यांनी, गाडीत, मी काही विचारलेलं नसताना
खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"बारा तास.
पण त्यानंतर आठवडाभर उघडीच राहिली तर?"

पहिल्या खर्ड्यात मी 'मेहनती' लिहिलं होतं.
खोडलं. कमी गुणांच्या पोरांना
सगळे हाच शब्द चिकटवतात.
दुसऱ्यात परीक्षेलाच शिव्या घातल्या.
बायकोने वाचला, म्हणाली, हे पत्र तुझ्याबद्दल आहे.
तिसरा इथून सुरू होतो:

वादळानंतरचा महिना. छपराछपरावर निळी ताडपत्री,
तिच्या प्रत्येक घडीत ओंजळभर पाणी.
आणि सातव्या सापळ्याचा आकडा मात्र
निम्म्यावर आला.
वरून अभिनंदनाचा फोन आला.
मीही कॉफी केली सगळ्यांना, लपवत नाही.
ओडील कॉफी तशीच ठेवून निघाली.
संध्याकाळी बायूच्या काठी, म्हाताऱ्या युलाली बाईंच्या अंगणात
तिने बाही कोपराच्या वर सारली,
हात पुढे धरला,
आणि एक मिनिट हलली नाही.
अडतीस.
युलाली बाई पायरीवरून त्यांच्या जुन्या फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या,
ती त्याच भाषेत हसली.
मग तिने सापळा उघडला.
पंख्याची बॅटरी मरायला टेकली होती.
डास होते तेवढेच होते,
ओढून घ्यायला दम नव्हता आत.

इथे मला एक वाक्य लिहायचा मोह होतो.
लिहीत नाही.
निवड समितीतली माणसं शिकलेली असणार.

पण पाचशे शब्दांच्या वर पत्र स्वीकारत नाहीत.
म्हणून या चौथ्यात
ताडपत्री गेली, कॉफी गेली,
युलाली बाईंची फ्रेंच गेली (ती जाताना जरा लागलं),
अभिनंदनाचा फोन ठेवला आहे.
हात ठेवला आहे.

चौकट अजून रिकामी.
'सांगता येत नाही' अशीही एक आहे, सगळ्यांत खाली,
पण तिथे खूण केली तर
वाचणारा काय समजेल, मला ठाऊक आहे.

तारीख नक्की आठवेना,
म्हणून बाजूच्या खोलीकडे तोंड करून ओरडलो,
सातव्याची बॅटरी कधी गेली होती गं?
"एकोणीस सप्टेंबर," भिंगावरून डोळा न काढता.
"बदलली वीसला. का?"
काही नाही, म्हणालो.

क्षणभर शांतता.
मग तिच्या अंगठ्याखाली
मोजणीयंत्राची टिकटिक
पुन्हा सुरू झाली.